चुंबकातल्या लाटा प्रकाशाला कशा दिसतात?

क्वांटम संगणकाच्या बातम्या आता रोजच्याच झाल्या आहेत. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने सहा हजार कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केले. त्यातल्या चार केंद्रांपैकी संवेदन आणि मापनाचे केंद्र आयआयटी मुंबईकडे आले. २०२५ चे भौतिकशास्त्राचे नोबेलही अतिसंवाहक, म्हणजे विजेला रोध न करणाऱ्या, विद्युतमंडलांवरच्या कामाला मिळाले. अशा बातम्यांच्या शेपटाला अधूनमधून एक वाक्य चिकटलेले असते: मॅग्नॉनच्या मदतीने क्वांटम संगणक ऑप्टिकल फायबरला जोडता येतील. वाचणारा नेमका तिथेच अडखळतो.

मॅग्नॉन म्हणजे चुंबकात उठणाऱ्या लाटेचा सगळ्यात लहान हिस्सा. प्रकाश ही लाट हेरू शकतो, कधीकधी उठवूही शकतो. मात्र प्रकाश आणि चुंबकाची लाट यांचे थेट नाते जवळजवळ नाहीच. जे आहे ते तिसऱ्याच्या मार्फत, आणि तेही कमजोर. या विषयात जे काही साधले आहे आणि जे काही अडले आहे, ते सगळे या कमजोरीपाशी येऊन थांबते.

लाट असते तरी कशाची?

लोखंडाच्या अणूतले काही इलेक्ट्रॉन स्वतःच इवल्याशा चुंबकासारखे वागतात. या गुणाला स्पिन म्हणतात. चुंबकात असे असंख्य स्पिन एका दिशेला तोंड करून उभे असतात. एखाद्याला थोडे कलते केले, तर तो लगेच सरळ होत नाही. कललेल्या अवस्थेतच तो चुंबकीय क्षेत्राच्या दिशेभोवती फिरू लागतो. किती वेगाने फिरायचे हे क्षेत्र ठरवते: एका टेस्लाला सेकंदाला २८ अब्ज फेऱ्या, म्हणजे २८ गिगाहर्ट्झ.

लेझीम पथकाची एक लांब रांग डोळ्यांसमोर आणा. सगळे एकच हात करताहेत, पण प्रत्येक जण शेजाऱ्यापेक्षा किंचित उशिरा. कोणी जागा सोडत नाही, तरी रांगेतून एक लाट सरकत जाताना दिसते. स्पिन-लहर अशीच असते. सगळे अगदी एका ठेक्यात असतील तर रांगभर एकच डोलणे दिसते; शेजाऱ्याशी पडणारे अंतर वाढवत नेले की लाट आखूड होत जाते. चुंबकात शेजारच्या स्पिनना एकमेकांशी समांतर राहायची ओढ असते, त्यामुळे आखूड लाटेला जास्त ऊर्जा लागते आणि तिची वारंवारता चढते.

ही कल्पना फेलिक्स ब्लॉख यांनी १९३० मध्ये मांडली. पुंज सिद्धांतानुसार अशी लाट हवी तेवढी लहान करता येत नाही, ती ठरावीक हिश्श्यांतच येते. तो एक हिस्सा म्हणजे मॅग्नॉन, जसा प्रकाशाचा फोटॉन.

लाट कायम टिकत नाही. लोखंड-निकेलच्या मिश्रधातूत ती एखाद-दुसऱ्या नॅनोसेकंदात विरते. म्हणून या क्षेत्रातल्या प्रयोगशाळांत एकच नाव सारखे कानावर येते: यिट्रियम आयर्न गार्नेट, बोलीभाषेत 'यिग'. १९५६ मध्ये फ्रान्सच्या ग्रनोबलमध्ये याचा शोध लागला. त्याच्या रासायनिक सूत्रात लोहाचे पाच अणू असतात, तिघांचे स्पिन एका दिशेला आणि दोघांचे उलट. उरते ती एका अणूची चुंबकीयता. तरीही यिगला तोड नाही, कारण त्यात लाट शेकडो नॅनोसेकंद टिकते. शिवाय तो वीज वाहून नेत नाही आणि अवरक्त प्रकाशाला पारदर्शक असतो.

प्रकाशातही चुंबकीय क्षेत्र असते, मग ते स्पिनला थेट का हलवत नाही?

हा आक्षेप बरोबर आहे, आणि त्याचे उत्तर वेगाच्या फरकात आहे. प्रयोगात वापरतात त्या हिरव्या लेझरची तरंगलांबी ५३२ नॅनोमीटर. त्याचे क्षेत्र सेकंदाला सुमारे ५६४ लाख कोटी वेळा उलटसुलट होते. १० गिगाहर्ट्झने फिरणाऱ्या स्पिनची एक फेरी पुरी होईपर्यंत हे क्षेत्र पन्नास हजारांहून जास्त वेळा दिशा बदलून मोकळे होते. स्पिनला मिळालेला प्रत्येक धक्का पुढच्याच धक्क्याने पुसला जातो.

प्रकाशाचे विद्युत क्षेत्र मात्र इलेक्ट्रॉनच्या कक्षेला हलवू शकते. इलेक्ट्रॉनची कक्षा आणि त्याचा स्पिन एकमेकांशी थोडे बांधलेले असतात. स्पिन कुठे तोंड करून आहे यावर कक्षेचे वागणे किंचित बदलते, आणि कक्षेचे वागणे बदलले की प्रकाशाच्या वाटचालीतही फरक पडतो. तिसरा म्हणायचा तो हाच बंध.

याचा पहिला पुरावा मायकेल फॅरडे यांना १८४५ मध्ये मिळाला. प्रकाशलहरीतले विद्युत क्षेत्र ज्या दिशेने डोलते त्या दिशेला ध्रुवणाची दिशा म्हणतात. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या जड काचेतून जाताना ही दिशा वळते, हे फॅरडेंनी दाखवले. काचेत हे वळण अगदी थोडे असते. यिगमध्ये दूरसंचाराच्या १५५० नॅनोमीटर प्रकाशासाठी एका सेंटिमीटरमागे ते दीडशे अंशांच्या पुढे जाते. फायबरच्या जाळ्यात परतून येणारा प्रकाश लेझरमध्ये घुसू नये म्हणून जो एकदिशा-झडपेचा भाग बसवतात, त्यात याच जातीच्या गार्नेटचा तुकडा प्रकाशाला ४५ अंश वळवतो. म्हणजे चुंबक आणि प्रकाश यांचा हा व्यवहार तुमच्या घरच्या इंटरनेटमागे आधीच चालू आहे. स्थिर चुंबकाऐवजी डोलणारा चुंबक आला की काय होते, ते आता पाहू.

डोलणारा स्पिन प्रकाशावर कोणती खूण सोडतो?

स्पिन-लहर चालू असताना स्पिनचा कल सतत बदलत असतो, म्हणून प्रकाशाच्या वळण्याचे प्रमाणही त्याच तालात कमी-जास्त होते. एखादी दिशा किंचित वळली याचा अर्थ असा की मूळ दिशेशी काटकोनात एक छोटासा घटक निर्माण झाला. हा घटक स्पिनच्या ठेक्यावर वाढतो आणि घटतो. १० गिगाहर्ट्झने असा हिंदकळणारा प्रकाश तपासला, तर त्यात मूळ वारंवारतेच्या दोन्ही बाजूंना १० गिगाहर्ट्झ अंतरावर दोन नवे प्रकाश सापडतात.

हेच फोटॉनच्या हिशोबात सांगायचे तर, फोटॉन एक मॅग्नॉन निर्माण करतो आणि तेवढी ऊर्जा गमावतो. किंवा असलेला एक मॅग्नॉन गिळतो आणि तेवढी ऊर्जा कमावतो. पहिल्या प्रकाराला स्टोक्स म्हणतात, दुसऱ्याला प्रति-स्टोक्स. या सगळ्या विखुरण्याला नाव आहे ब्रिलुआँ विखुरण. लेआँ ब्रिलुआँ यांनी १९२२ मध्ये ध्वनिलहरींसाठी त्याचे भाकीत केले होते. स्पिन-लहरींवरून विखुरलेला प्रकाश प्रयोगात पहिल्यांदा १९६६ मध्ये, लोह फ्लोराइडच्या स्फटिकात दिसला.

ऊर्जेसोबत संवेगाचाही हिशोब जुळावा लागतो, आणि प्रयोग करणाऱ्याला तो फार सोयीचा पडतो. प्रकाश ज्या कोनात पाठवला आणि ज्या कोनात परत पकडला, त्यावरून लाटेची तरंगलांबी ठरते. ५३२ नॅनोमीटरचा प्रकाश पृष्ठभागावर ४५ अंशांत टाकून त्याच वाटेने परत येणारा वेचला, तर ३७६ नॅनोमीटर तरंगलांबीचे मॅग्नॉन दिसतात. कोन बदलला की तरंगलांबी बदलते, पण २६६ नॅनोमीटरच्या खाली या रंगाने जाता येत नाही.

धातू पारदर्शक नसतो, मग त्यात लाट कशी दिसायची? परावर्तित प्रकाशाचे ध्रुवणही वळते. जॉन केर यांनी १८७७ मध्ये ते दाखवले आहे. धातूत प्रकाश जेमतेम काही दशक नॅनोमीटर आत शिरतो, त्यामुळे संवेगाचा हिशोब फक्त पृष्ठभागालगतच्या दिशेत जुळतो, खोलीच्या दिशेत नाही. पातळ थरांच्या अभ्यासाला तेवढे पुरते.

इतका बारीक फरक मोजायचा कसा?

१० गिगाहर्ट्झचा फरक म्हणजे ५३२ नॅनोमीटरमध्ये ०.००९४ नॅनोमीटर. नेहमीच्या वर्णपटमापकात हा फरक मुख्य रेषेतच विरघळून जातो. त्यात एका मिलिवॅट हिरव्या प्रकाशात सेकंदाला सुमारे २,७०० लाख कोटी फोटॉन असतात, आणि त्यांतले मॅग्नॉनला भेटून संवेदकापर्यंत पोचणारे बऱ्याचदा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मूळ रंगाचा विखुरलेला प्रकाश त्यांच्या अब्जावधी पट असतो.

इथे फॅब्री-पेरो हे उपकरण लागते. अर्धपरावर्तक असे दोन सपाट आरसे समोरासमोर ठेवतात. त्यांच्यातले अंतर अर्ध्या तरंगलांबीच्या पूर्ण पटीत असेल, तेवढाच प्रकाश आरपार जातो. आरसे ५ मिलिमीटरवर ठेवले तर दर ३० गिगाहर्ट्झला एक 'दार' उघडते. वीज लावली की किंचित लांबणाऱ्या पिझो स्फटिकाने एक आरसा काही शे नॅनोमीटर हळूहळू सरकवला की हे दार वर्णपटावरून फिरते, आणि प्रत्येक जागी किती फोटॉन आले ते मोजता येते.

एकच जोडी वापरली तर घोटाळा होतो. १० गिगाहर्ट्झवर दिसलेले टोक, म्हणजे फोटॉनांच्या संख्येतला उंचवटा, खरे तिथले, की ४० गिगाहर्ट्झवरचे पुढच्या दारातून आलेले, हे कळत नाही. जॉन सँडरकॉक यांनी १९७० च्या दशकात झ्युरिकमध्ये यावर तोड काढली: किंचित वेगळ्या अंतराच्या दोन जोड्या, दोन्ही एकाच सरकत्या पाटावर, आणि प्रकाश प्रत्येकीतून तीनदा. दोन्ही जोड्यांची दारे एकाच वेळी फक्त हव्या त्या रंगाला उघडतात, आणि सहा वेळा गाळून निघाल्यावर मूळ रंगाचा गोंगाट दहा अब्ज पटींनी दबतो. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत, कोलकात्याच्या एस. एन. बोस केंद्रातही, याच घडणीचे यंत्र चालते.

मांडणी साधारण अशी असते. एकाच वारंवारतेचा लेझर हवा. एकापेक्षा जास्त वारंवारता सोडणारा असला तर त्या उपरेषाच मॅग्नॉन म्हणून फसवतात. नमुना विद्युतचुंबकाच्या ध्रुवांमध्ये. प्रकाश टाकणारे भिंगच परतणारा प्रकाश गोळा करते. पुढे विश्लेषक, म्हणजे एकाच दिशेचे ध्रुवण पुढे सोडणारा गाळक, मूळ ध्रुवणाशी काटकोनात लावलेला. मग सहा फेऱ्या, आणि शेवटी एकेक फोटॉन मोजणारा संवेदक. दार मूळ रेषेवरून जाताना झडप बंद करावी लागते, नाहीतर संवेदक दिपून जातो.

बिघडते ते बहुतेक वेळा आरशांपाशी. आरसे दोन-तीन नॅनोमीटरच्या आत समांतर राहायला हवेत. टेबलाला बसलेला हादरा किंवा खोलीच्या तापमानातला एक-दोन अंशांचा चढउतार एवढ्यानेही टोके पसरट होतात. म्हणून लेझरचा थोडा प्रकाश बाजूला काढून तो संदर्भ म्हणून वापरतात आणि आरसे आपोआप सावरले जातात. मोजणी तासन्‌तास चालते, कारण फोटॉनच थोडे.

दुसरी फसगत ध्वनिलहरींची. त्याही गिगाहर्ट्झमध्येच टोके दाखवतात. ध्वनीवरून विखुरलेल्या प्रकाशाचे ध्रुवण सहसा वळत नाही, त्यामुळे काटकोनी विश्लेषक त्याला बराचसा अडवतो. खात्री करायची असेल तर चुंबकीय क्षेत्र बदलून पाहावे. टोक सरकले तर मॅग्नॉन, जागच्या जागी राहिले तर ध्वनी. तिसरी फसगत लेझरच्याच उष्णतेची: नमुना तापला की त्याची चुंबकीयता घटते आणि टोक खाली सरकते. लेझरची शक्ती निम्मी करून पुन्हा मोजल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवू नये.

चुंबकाला कोणी हलवलेच नाही, तर लाट कुठून येते?

खोलीच्या तापमानाला चुंबक कधीच शांत नसतो. उष्णताच स्पिनना डोलवत राहते. १० गिगाहर्ट्झच्या प्रत्येक प्रकारच्या लाटेत सरासरी सहाशेच्या आसपास मॅग्नॉन आयतेच असतात. त्यामुळे तार न जोडता, नुसता नमुना लेझरखाली ठेवूनही लाटा दिसतात. जोरदार लाट हवी असेल तर बारीक धातूपट्टीचा अँटेना चिकटवून मायक्रोवेव्ह सोडतात. २००६ मध्ये यिगच्या पातळ थरात असेच मॅग्नॉन इतके भरले गेले की ते सगळ्यात कमी ऊर्जेच्या एकाच अवस्थेत गोळा झाले. हा बोस-आइनस्टाइन संघनिताचा प्रकार खोलीच्या तापमानाला घडला, आणि तो दिसला याच ब्रिलुआँ पद्धतीने.

प्रकाश लाट उठवूही शकतो. त्यासाठी फेम्टोसेकंदांत आटोपणारा, वर्तुळाकार ध्रुवण असलेला झोत लागतो. विद्युत क्षेत्र गोल फिरत असल्यामुळे इलेक्ट्रॉनच्या कक्षेला एका बाजूचा कल मिळतो, आणि स्पिनला जणू क्षणभर चुंबकीय क्षेत्र लावल्यासारखा धक्का बसतो. २००५ मध्ये डिस्प्रोशियम ऑर्थोफेराइटवर हे दाखवले गेले. झोत उजवीऐवजी डावीकडे फिरवला तर डोलण्याची सुरुवातही उलटी होते. नुसत्या तापण्याने असे झाले नसते.

याचा आजवर कोणाला उपयोग झाला?

तुम्ही कधी हार्ड डिस्क वापरली असेल तर तुम्हालाही. जर्मनीतल्या युलिश इथे पीटर ग्रुनबर्ग लोखंडाच्या दोन पातळ थरांमध्ये क्रोमियमचा थर घालून त्यावर लेझर टाकत होते. दोन थर एकमेकांना समांतर राहू पाहतात की विरुद्ध, यानुसार त्यांच्या जोड-डोलण्याची वारंवारता खाली-वर सरकते. क्रोमियम साधारण एक नॅनोमीटर जाड असताना दोन्ही लोखंडी थर आपण होऊन विरुद्ध दिशांना तोंड करतात, हे त्यांनी १९८६ मध्ये स्पिन-लहरींवरून विखुरलेल्या प्रकाशातून ओळखले.

पुढचा प्रश्न ओघानेच आला: विरुद्ध उभे असलेले थर क्षेत्र लावून समांतर केले तर विजेच्या रोधात काय फरक पडतो? उत्तर १९८८ मध्ये युलिशमध्ये आणि स्वतंत्रपणे फ्रान्समध्ये आल्बेर फेर यांच्याकडे मिळाले. फरक अपेक्षेपेक्षा कितीतरी मोठा निघाला. १९९७ मध्ये त्यावर बेतलेले वाचन-शीर्ष हार्ड डिस्कमध्ये बाजारात आले आणि २००७ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. इथे प्रकाश आणि स्पिनच्या नात्याची कमजोरी पथ्यावर पडली. लेझरने थरांना न दुखावता त्यांची आतली ओढाताण वाचली.

मग क्वांटम संगणकाचे काय?

क्वांटम संगणकात माहिती साठवणाऱ्या मूळ घटकाला क्युबिट म्हणतात. अतिसंवाहक क्युबिट ५ गिगाहर्ट्झच्या आसपास, ०.०२ केल्विन एवढ्या थंडीत चालतात. ५ गिगाहर्ट्झचा एकुलता एक फोटॉन साध्या तारेतून खोलीच्या तापमानात आणला, तर उष्णतेच्या हजाराहून जास्त फोटॉनांत तो हरवतो. १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशाला हा त्रास नाही, कारण तेवढ्या वारंवारतेचे फोटॉन खोलीची उष्णता निर्माणच करत नाही. म्हणून मायक्रोवेव्हमधली माहिती प्रकाशात उतरवायची. मायक्रोवेव्ह मॅग्नॉनला सहज हलवतो, आणि मॅग्नॉन प्रकाशावर खूण सोडतो. कागदावर दुवा पक्का आहे.

प्रत्यक्षात २०१६ मध्ये टोकियोतल्या गटाने यिगच्या गोळीतून हे रूपांतर दोन्ही दिशांनी करून दाखवले, तेव्हा कार्यक्षमता आली हजार कोटीत एक. कारण तेच: कक्षेमार्फतचे नाते कमजोर. त्याच वर्षी टोकियो, येल आणि केंब्रिजमध्ये प्रकाशाला गोळीच्या कडेकडेने गरगर फिरवून भेटी वाढवण्याचे प्रयोग झाले. पण मिलिमीटरभर गोळीत प्रकाश विषुववृत्तालगतच्या काही मायक्रोमीटरच्या पट्ट्यात धावतो, आणि मॅग्नॉन सगळ्या गोळीभर पसरलेला असतो. बहुतेक स्पिनची प्रकाशाशी गाठच पडत नाही.

लेझरच वाढवला तर? शीतयंत्राचा सगळ्यात थंड भाग २० मिलिकेल्विनला साधारण दहा-वीस मायक्रोवॅटच उष्णता उपसू शकतो. लेझरचा एक मिलिवॅट तिथे मुरला तर क्युबिट जागेवर मरतो. यिगमध्ये बिस्मथ मिसळले तर वळण कित्येक पट वाढते, पण लाट लवकर विरते. पातळ थर घ्यावा तर तो ज्या गॅडोलिनियम गॅलियम गार्नेटवर वाढवतात, ते अतिशीत तापमानात स्वतःच चुंबकीय गडबड करते आणि लाट खाते. शिवाय ५ गिगाहर्ट्झच्या मॅग्नॉनसाठी सुमारे ०.१८ टेस्ला क्षेत्र हवे, आणि ॲल्युमिनियमची अतिसंवाहकता ०.०१ टेस्लातच ढासळते. २०१५ मध्ये मॅग्नॉन आणि क्युबिट जोडताना गोळी आणि क्युबिट एकाच पोकळीत, पण काही सेंटिमीटर लांब ठेवावे लागले ते यामुळे.

माझे मत विचाराल तर फायबरपर्यंतची शर्यत यिग एवढ्यात जिंकत नाही. थरथरते पडदे किंवा लिथियम नायोबेट वापरणारे प्रतिस्पर्धी काही प्रयोगांत टक्क्यांच्या भाषेत बोलतात. मॅग्नॉनकडे दोन गोष्टी आहेत ज्या त्यांच्याकडे नाहीत: नुसत्या क्षेत्राने वारंवारता बदलता येते, आणि लाट एका दिशेने जशी चालते तशी उलट दिशेने चालत नाही.

मला जास्त आशा वाटते ती बंधच बदलण्याच्या वाटेची. क्रोमियम सल्फाइड ब्रोमाइड हा थराथरांचा पदार्थ आहे, चिकटपट्टीने सोलता येणारा. त्यात प्रकाश एक्सायटॉन निर्माण करतो, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा यांची जोडी. शेजारच्या थरांचे स्पिन किती अंशांनी तिरपे आहेत यावर या जोडीची ऊर्जा ठळकपणे सरकते. मॅग्नॉन आला की थरांमधला कोन डोलतो, कोनाबरोबर एक्सायटॉनचा रंग डोलतो, आणि तो साध्या परावर्तनात उघड दिसतो. २०२२ मध्ये हे दाखवले गेले. पदार्थ १३२ केल्विनच्या खालीच चुंबकीय क्रमात येतो, पण क्युबिटच्या शीतयंत्रात ती अडचण नाही. अडचण वारंवारतेची आहे: त्याचे मॅग्नॉन क्षेत्राशिवायच वीस गिगाहर्ट्झच्या वर असतात आणि क्युबिट पाचवर. त्यांना खाली ओढायला पुन्हा चुंबकीय क्षेत्रच लावावे लागते.